निवृत्त लॅपटॉपची फेरनेमणूक

आमच्या घरात कुठलीही वस्तू एकदम टाकली जात नाही. तिला टप्प्याटप्प्याने खाली आणतात. बंद पडलेला फ्रिज आधी गव्हाचं कोठार होतो, मग जुन्या मासिकांचं कपाट, आणि दार निखळलं की बाल्कनीतल्या कुंड्यांचा ओटा. चालू असताना त्याचा जेवढा उपयोग झाला नसेल, तेवढा बंद पडल्यावर होतो. एवढं करूनही जे उरतं ते माळ्यावर जातं. 'लागेल कधीतरी' या खात्यात आमचा भरणा अगदी नियमित आहे. काढायला मात्र आजवर कोणी गेलेलं नाही.

२०१० साली घेतलेला आमचा लॅपटॉपही याच रिवाजाने उतरत गेला. सुरुवातीला तो माझा होता आणि त्याला हात लावण्याआधी घरच्यांनी हात धुवावेत असा नियम होता. मग तो मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टांकडे वर्ग झाला. मग पाहुण्यांच्या मुलांना गप्प बसवण्याच्या कामी लागला. एका दिवाळीत त्याच्या झाकणावर चिवड्याचा डबा थंड होत ठेवलेला दिसला, तेव्हा मी समजलो, आता माळा फार दूर नाही.

तो खाली उतरवण्याची वेळ आली ती माझ्या लेखनामुळे. घरात धड चालणारा संगणक एकच, मुलीचा डेस्कटॉप. घेताना तो 'घरासाठी' म्हणून घेतला होता. माझे सगळे लेख, मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर, ते सुरू व्हायला लागणारं डोंगल, सोसायटीचे हिशोब (मी खजिनदार आहे, कोणीच तयार नव्हतं म्हणून) असं सगळं त्याच्याच पोटात. पण मुलगी आर्किटेक्चरला गेली, डेस्कटॉप तिच्या खोलीत गेला, आणि त्या खोलीचं दार बंद राहू लागलं.

"एक परिच्छेद लिहायचाय गं," मी दाराबाहेरून म्हणायचो.

"बाबा, रेंडर लागलंय."

"किती वेळ?"

"सकाळपर्यंत."

विनोद सकाळपर्यंत टिकत नाही. रात्री ज्या वाक्याला मी अंथरुणात एकटाच हसलेलो असतो, ते सकाळी चहाबरोबर आठवून पाहिलं की हे आपल्याला सुचलं होतं की कुणी ऐकवलं होतं, असा प्रश्न पडतो.

"नवा लॅपटॉप घेऊन टाका एकदाचा," बायको म्हणाली.

"नवा कशाला? आहे की आपल्याकडे!"

'आहे की आपल्याकडे' या तीन शब्दांनी मराठी मध्यमवर्गाचे जेवढे पैसे वाचवले असतील, त्याहून जास्त घालवले आहेत. पण ते पुढे कळतं. त्या क्षणी फक्त शिडी आणायची असते.

लॅपटॉप खाली आला, धूळ पुसली, त्याचा चार्जर शिवणाच्या डब्यात सापडला. बॅटरीने केव्हाच राम म्हटला होता, त्यामुळे वायर लावली तरच जीव. बटण दाबलं. बराच वेळ घरघर करून विंडोज ७ उगवली आणि कोपऱ्यातल्या घड्याळाने तारीख दाखवली : १ जानेवारी २००९. आतला बटणाएवढा सेल संपला की लॅपटॉपला तारखेची आठवण राहत नाही आणि तो कारखान्याने शिकवलेल्या पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करतो. इंटरनेट उघडलं तर कुठलीच वेबसाइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी एकच हरकत : या साइटचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही. बरोबरच होतं त्याचं. त्याच्या हिशोबाने बांद्रा-वरळी सागरी सेतू खुला व्हायला अजून सहा महिने होते. रुपयाला चिन्ह मिळालेलं नव्हतं. सचिनचं एकदिवसीय सामन्यातलं द्विशतक व्हायचं होतं आणि निवृत्तीचा तर विषयच नव्हता.

"त्याला काही सांगू नका," बायको म्हणाली. "सुखात आहे तो."

अशा वेळी घरातल्या तांत्रिक माणसाला फोन करतात. आमचा तांत्रिक माणूस म्हणजे भाचा. तो ऐरोलीला एका कंपनीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, म्हणजे पगार चांगला असणार.

"मामा, याच्यावर आता काहीही चालणार नाही," तो म्हणाला.

"असं नको म्हणूस."

"अरे, म्हणूनच सांगतो. तू याचा थिन क्लायंट कर."

थिन क्लायंट म्हणजे काय, हे त्याने मला समजावलं आणि मी ते बायकोला समजावलं, तेव्हा मला अर्धवटराव आठवले. यशवंत पाध्यांच्या आणि पुढे रामदास पाध्यांच्या मांडीवर बसणारे अर्धवटराव तोंड हलवतात, डोळे फिरवतात, समोरच्याची फिरकी घेतात. आवाज मात्र त्यांचा नसतो. थिन क्लायंट होतो तो लॅपटॉप तसाच. आपण इथे कळ दाबायची, ती नेटवर्कवरून त्या खोलीतल्या डेस्कटॉपकडे जाते, काम तिकडे होतं आणि झालेल्या कामाचं चित्र इकडे पडद्यावर येतं. लॅपटॉपने फक्त चेहरा द्यायचा.

"म्हणजे काम दुसऱ्याने करायचं आणि हा समोर बसणार," बायको म्हणाली. "मग तुम्हाला जमेल हे."

"अगं, पण मला इथे बाल्कनीत बसून त्या खोलीतला संगणक वापरता येईल!"

"त्या खोलीत जायला दहा पावलं लागतात."

आता इतिहासाचा आधार घेणं भाग होतं. मी तिला केंब्रिजची गोष्ट सांगितली. १९९१ साली तिथल्या विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत बऱ्याच संशोधकांत मिळून कॉफीचं एकच यंत्र होतं, ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी. दुसऱ्या मजल्यांवरचे विद्वान जिने तुडवत यायचे तेव्हा भांडं रिकामं असायचं. तेव्हा क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की या दोघांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र सगळ्यांच्या पडद्यावर पाठवायची सोय केली. कॉफी आहे का ते बघा आणि मगच उठा. जगातला पहिला वेबकॅम तो हाच. पुढे केंब्रिजमध्येच एका प्रयोगशाळेत व्हीएनसी ही दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यापुढे आणणारी पद्धत तयार झाली आणि ती करणाऱ्यांतही हे स्टॅफर्ड-फ्रेझर होते. म्हणजे बघ, जागचं न उठण्याच्या प्रामाणिक इच्छेतून ही सगळी विद्या आली आहे. शिवाय २००१ साली तो कॅमेरा बंद झाला, तेव्हा ते बिघडलेलं भांडं बातम्यांच्या एका जर्मन वेबसाइटने लिलावात तीन हजार पौंडांहून जास्त मोजून नेलं. बिघडलेलं!

"आपल्याकडे कॉफी मी हातात आणून देते," बायको म्हणाली, "म्हणून शोध लागत नाहीत."

त्याच १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, पण ती फक्त छंद म्हणून, असं जाहीर केलं होतं. तीच लिनक्स. भाच्याच्या मते माझ्या लॅपटॉपला तीच पेलवणार होती. फुकट हा शब्द ऐकल्यावर मी पुढचं फारसं ऐकलं नाही. ते ऐकायला हवं होतं, कारण लिनक्स एक नसते. त्या शेकड्यांनी असतात, आणि कुठली घ्यावी हे विचारलं की ज्याला विचारू त्याची वेगळी.

भाच्याने मला त्याच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये घातलं. एकाने मिंट सुचवली. दुसरा म्हणाला, जुन्या यंत्राला पपीच हवी. तिसऱ्याने पपीला नावं ठेवून अँटीएक्सची बाजू घेतली. चौथ्याने आपलं नाव सांगण्याआधी आपण आर्च वापरतो हे सांगितलं. तासाभरात माझा लॅपटॉप विसरला गेला आणि दोघांनी ग्रुप सोडला. मला फार आपलंसं वाटलं. गणपतीच्या वर्गणीची बैठक अशीच संपते.

शेवटी भाच्याने डेबियन ठरवली. या डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावं देतात, कारण सुरुवातीच्या काळातले तिचे एक प्रमुख, ब्रूस पेरेन्स, तो सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. बझ झाली, वुडी झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये आली ती तेरावी, ट्रिक्सी. आणि जी आवृत्ती कायम अस्थिर असते, जिच्यात रोज काहीतरी नवं घुसतं आणि जुनं मोडतं, तिचं नाव सिड. सिनेमातला सिड म्हणजे शेजारचा खेळणी मोडणारा मुलगा.

"तुम्ही सिडच घ्या," बायको म्हणाली. "नावाची गाठ पडेल."

डेबियन पेनड्राइव्हवर आली, पण लॅपटॉपने पेनड्राइव्हवरून सुरू व्हावं यासाठी एक कळ दाबावी लागते. ती कुठली, हे कंपनीगणिक बदलतं. एफ-टू, एफ-ट्वेल्व्ह, डिलीट, एस्केप, यातली कुठलीही असू शकते. ती दाबायची केव्हा, तर कंपनीचं बोधचिन्ह पडद्यावर असेल तेवढ्यात. हे बोधचिन्ह एरवी उगाच रेंगाळतं. कळ दाबायची असली की डोळा मिटून उघडेपर्यंत गेलेलं असतं. शेवटी सगळ्या कुटुंबाला एकेक कळ वाटून दिली. मुलगी एफ-टूवर, बायको डिलीटवर, मी एस्केपवर. "आता!" म्हटल्यावर तिघांनी एकदम दाबल्या आणि लॅपटॉप उघडला. कुणाच्या कळीने उघडला यावर आमचं अजून एकमत नाही.

पुढे लिनक्सने माझी शिस्तीची शाळा घेतली. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही. अक्षर तर नाहीच, पण त्याच्या जागी येणारे चांदणीचे ठिपकेसुद्धा नाहीत. मी टाइप करतोय, पडदा कोरा.

"कीबोर्ड गेला वाटतं," बायको.

"गुप्तता आहे ती," मी.

एवढ्या गुप्ततेने दिलेला पासवर्ड बरोबर निघाला, तरी पुढचं काम करायला परवानगी नव्हती. तुम्ही अधिकृत यादीत नाही, आणि हा प्रकार प्रशासकाला कळवला आहे, असं उत्तर आलं. घाबरून भाच्याला फोन केला.

"प्रशासक कोण रे?"

"तूच, मामा. घरात दुसरं कोण आहे?"

"पण मला कोणी कळवलं नाही!"

सरकारी कचेऱ्यांत उभं आयुष्य काढलेल्या माणसालाही असा अनुभव येत नाही. अर्ज माझा, फेटाळणारा मी, तक्रार माझ्याविरुद्ध, तीही माझ्याकडेच, आणि ती मला पोचलेली नाही.

यानंतर वायफाय. लॅपटॉपमधल्या वायफायच्या चिपला एक छोटी फाइल लागत होती. ती इंटरनेटवर होती. इंटरनेटवर जायला वायफाय हवं होतं. वायफायला ती फाइल हवी होती. रेशनकार्डासाठी पत्त्याचा पुरावा आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी रेशनकार्ड मागणाऱ्या खिडक्यांवर वाढलेल्या माझ्या पिढीला यात नवं काही नव्हतं. आम्ही अशा वेळी ओळखीचा माणूस शोधतो. इथे ओळखीचा माणूस निघाली लॅन केबल. राउटर दिवाणखान्याच्या एका टोकाला, मी बाल्कनीत. केबल जमिनीवरून नेली तर कामाला येणाऱ्या मावशींनी झाडू ठेवून दिला. म्हणून ती कपडे वाळत घालायच्या दांडीवरून नेली. संध्याकाळी बायकोने सवयीने तिच्यावर दोन टॉवेल आणि एक उशीचा अभ्रा वाळत घातला. फाइल तशीच, ओल्या अभ्र्याखालून, उतरली.

आता लिनक्स चालू झाली होती, पण चालते म्हणावं अशी नव्हती. "रॅम वाढव, एसएसडी टाक," भाचा म्हणाला. "फार नाही लागणार."

डोंबिवलीहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, तिथून ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला पालिकेच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात. पण त्या नावाने पत्ता विचारला तर लोक दवाखान्याकडे पाठवतात. एका दुकानात मी लॅपटॉपची डीडीआर-टू रॅम मागितली. दुकानदाराने आत हाक मारली, "अरे, डीडीआर-टू मागतायत!" आणि आतून तीन मुलं मला बघायला बाहेर आली.

"काका, कशाला या भानगडीत पडता? एवढ्यात सेकंडहँड लॅपटॉप बसेल."

"आहे की माझ्याकडे."

रॅम मिळाली. एसएसडी मिळाली. बटणाचा सेल मिळाला, म्हणजे लॅपटॉपला २००९ मधून बाहेर काढायची सोय झाली. निघताना बाजूच्या दुकानाच्या काउंटरवर छोट्या काळ्या डब्यांची चळत दिसली. तयार थिन क्लायंट. कुठल्याशा कंपनीने नवे घेतले म्हणून बाजारात आलेले, वापरलेले पण चांगले. त्यांची किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर कळली असती.

घरी आल्यावर बायकोने हिशोब मागितला. मी रॅम सांगितली, एसएसडी सांगितली. सेल किरकोळ म्हणून सोडला. केबल घरात राहणारच आहे, ती धरायची नाही. पेनड्राइव्ह कधीतरी घ्यायचाच होता. लोकलचं तिकीट आणि वडापाव मुंबईला गेलं की होतोच. अशा रीतीने सगळं पुनरुज्जीवन जवळजवळ फुकटात पडलं. आणि रविवार? रविवारांचे पैसे कुठलाही मराठी माणूस धरत नाही. सोसायटीच्या ताळेबंदात मी असला प्रकार केला असता तर सभासदांनी मला जिन्यातच गाठलं असतं.

पण मग तो क्षण आला. डेस्कटॉपवर विंडोजची प्रो आवृत्ती आहे, तिच्यात दूरच्या माणसाला आत घ्यायची खिडकी असते. साध्या होम आवृत्तीत नसते. लॅपटॉपवर रेमिना नावाचा प्रोग्राम. पत्ता घातला, नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि माझ्या बाल्कनीत, कुंड्यांच्या ओट्यासमोर, त्या खोलीतला डेस्कटॉप अवतरला. मुलीने पडद्यावर लावलेली चार्ल्स कोरियांची कांचनजंगा इमारत इकडे दिसू लागली. मी टाळी वाजवली. एवढ्यात त्या खोलीतून आरोळी आली.

"बाबा! तू मला हाकललंस?"

झालं होतं असं. विंडोजच्या या आवृत्तीत एका वेळी एकच माणूस बसू शकतो. बाहेरून दुसरा आला की आत बसलेल्याला निरोप मिळतो : अमुक व्यक्ती जोडणी मागते आहे, परवानगी असेल तर होय म्हणा, नसेल तर रद्द करा, काहीच केलं नाही, तर तीस सेकंदांत तुम्हाला बाहेर काढण्यात येईल. मुलगी त्या तीस सेकंदांत फोनवर बोलत होती.

मग तिने परत प्रवेश मागितला. आता निरोप माझ्या पडद्यावर आला. मी चष्मा शोधेपर्यंत बाहेर. पुन्हा मी मागितला. तिने रद्द केलं. पुन्हा मागितला. रद्द. एकाच घरातली दोन माणसं, मध्ये एक भिंत, आणि एकमेकांना बाहेर काढण्यासाठी दोघांचं बोट कळीवर. शेवटी बायकोने मध्ये पडून करार केला : रात्री दहापर्यंत मुलगी, पुढे मी. म्हणजे आधी जी वेळ मला मिळत होती तीच. फरक इतकाच, की आता मी बाल्कनीत डासांत बसून काम करणार होतो.

शिवाय या विद्येत सगळं दोन-दोन असतं. एकात एक दोन संगणक, दोन घड्याळं, दोन कचरापेट्या. भाषा बदलायची कळ दाबली की कुठल्या संगणकाची भाषा बदलली, हे वाक्य टाइप झाल्याशिवाय कळत नाही. एका संपादकांना पाठवलेल्या लेखाचा पहिला परिच्छेद इंग्रजी अक्षरांच्या ढिगाऱ्यात गेला. त्यांचा फोन आला. "प्रयोग चांगला आहे," ते म्हणाले, "पण आपला वाचक अजून तयार नाही." सगळ्यात घातक म्हणजे दोन 'बंद करा'. एका रात्री काम आटोपून, मोठ्या समाधानाने, मी आतल्या खिडकीतलं 'बंद करा' दाबलं. लॅपटॉप चालूच राहिला. डेस्कटॉप बंद झाला, आणि त्याच्याबरोबर मुलीने झोपताना लावून ठेवलेलं रेंडरही. सकाळी तिने मला जे ऐकवलं, ते कुठल्याही शब्दमर्यादेत बसणारं नाही.

बंद झालेला डेस्कटॉप चालू करायचा, तर पुन्हा त्या खोलीत जायला हवं. "दहा पावलं," बायकोने आठवण दिली. पण भाच्याकडे यावरही उपाय होता. झोपलेल्या संगणकाला नेटवर्कवरून उठवता येतं. त्यासाठी एक संदेश पाठवतात, त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. त्या पॅकेटात सुरुवातीला लक्ष वेधायची एक ठरावीक खूण असते आणि मग त्या संगणकाचा पत्ता, म्हणजे एका अर्थी त्याचं नाव, सलग सोळा वेळा. बाकी काही नाही. सोळा वेळा नाव ऐकलं की तो उठतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीतून पॅकेट सोडलं. आत पंख्याची घरघर सुरू झाली. डेस्कटॉप पहिल्या पॅकेटात उठला. त्याच खोलीत, त्याच वेळी, बायको मुलीला हाका मारत होती. तिच्या हाका सोळाच्या कितीतरी पुढे गेल्या. मुलीने कूस बदलली.

ही कीर्ती सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका आपला लॅपटॉप छातीशी धरून आले. त्यांच्या विंडोज १० ला मिळणारी मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली होती, आणि विंडोज ११ ने त्यांच्या यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप नाही म्हणून दार उघडलं नव्हतं.

"याचंही तसंच करून द्या," काका म्हणाले. "मलाही तुमचा डेस्कटॉप दिसू दे."

"तो कशाला, काका?"

"सोसायटीचे हिशोब त्यात आहेत ना? तुम्हाला त्रास नको. माझा मी बघत जाईन."

मी अतिशय खेदाने त्यांना सांगितलं, की काय करणार, एका वेळी एकच माणूस, कंपनीचा नियम आहे. परवान्यातल्या बारीक अक्षरांनी कुणाचं भलं झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण नेमका त्या दिवशी भाचा घरी आलेला.

"अरे मामा, त्यात काय!" तो आतून म्हणाला. "लिनक्सचा सर्व्हर लावू. एलटीएसपी म्हणून प्रकार आहे, १९९९ पासून. एका सर्व्हरवर जुने संगणक जोडून अख्ख्या शाळेचा वर्ग चालवतात. काकाच काय, सगळी सोसायटी बसेल!"

काकांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला वार्षिक सभेपर्यंत पुरणार आहे. ते आता रोज विचारतात. मी रोज सांगतो, की केबल मागवली आहे.

अशी घडी बसत होती, तेवढ्यात मुलीचं ट्रेनिंग पुण्याला ठरलं. सहा महिने, हॉस्टेलवर. सामानाची यादी निघाली. यादीत डेस्कटॉप होता.

"अगं, तो कसा नेशील?" मी म्हणालो. "माझं सगळं त्यावर आहे!"

"बाबा, तूच सांगत होतास ना सगळ्यांना? संगणक कुठेही असला तरी काही फरक पडत नाही म्हणून?"

हे मी सांगितलं होतं. तिच्या आत्याला सांगितलं होतं, दुधवाल्याला सांगितलं होतं, काकांना तर सचित्र सांगितलं होतं. डेस्कटॉप टॅक्सीतून पुण्याला गेला. रिमोटचा ३३८९ नंबरचा पोर्ट जगासाठी उघडा टाकायचा नसतो, वाटेवरचे चोर तो ठोठावतच असतात, म्हणून भाच्याने डोंबिवली ते पुणे व्हीपीएनचा बोगदा खणून दिला. खंडाळ्याच्या घाटाखालून असावा, असं मी बायकोला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही, पण खोडूनही काढलं नाही.

आता रात्री दहा वाजता मी जोडणी मागतो. पुण्याला मुलीच्या पडद्यावर निरोप जातो. ती बहुधा रद्द करते. मग मी साडेदहाला मागतो. माझं लेखन, खरं सांगायचं तर, आता हाताने कागदावर चालू आहे; ते पूर्वीपेक्षा बरं होतंय असं संपादकांचं म्हणणं पडलं.

पण लॅपटॉप माळ्यावर गेलेला नाही. त्याला गिऱ्हाईक मिळालं आहे. ज्या बाईने या सगळ्या उद्योगाला पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं, ती आता रात्री आवराआवर झाली की पदराला हात पुसत बाल्कनीत येते.

"लावा हो जोडणी."

"अगं, पण मला आज काही काम नाही."

"तुमचं नसेल. दुपारपासून तीन फोन केले, एक उचलला नाही. मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा. याला मात्र तीस सेकंदांत काहीतरी उत्तर द्यावंच लागतं ना?"

मी जोडणी लावतो. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसतो. वीस-पंचवीस सेकंदांनी नकार येतो.

"चला," बायको म्हणते, "खोलीवर पोचली. आता पुन्हा एकदा लावा."

"आता कशाला? कळलं ना?"

"जेवली का ते विचारायचं राहिलं. दोनदा लावलं की चिडून स्वतःच फोन करते."